धीर कुठून येतो?

१. वर्गातला प्रश्न

दिवेलागण झाली होती. शाळेच्या ओसरीवर साक्षरतेचा वर्ग भरत होता. एकेक बाई येत होती. कुणी हात पुसत आली. कुणी मूल कडेवर घेऊन आली. दोन-चार गडीमाणसेही भिंतीला टेकून बसली.

इतक्यात माई आली. सगळ्यांनी मान वळवून पाहिले. माई महिनाभर वर्गाला आली नव्हती. तिचा नवरा वारला होता. त्यातच पावसाने दगा दिला. दोन एकरांतली बाजरी करपून गेली. सोसायटीचे कर्ज तसेच राहिले. घरात दोन लेकरे.

माई कोपऱ्यात बसली. तिने पुस्तक उघडलेच नाही.

शिकवणाऱ्या बाईंनी विचारले, "माई, आज वाचायचं ना?"

माई म्हणाली, "बाई, वाचून काय करू? मी ख्रिस्ती बाई. ऐतवार कधी चुकवला न्हाई. रोज रात्री गुडघे टेकून प्रार्थना करते. पण माझा धनी गेला तो गेलाच. पाऊस आला न्हाई तो न्हाईच. जो येतो तो म्हणतो, धीर धर. अहो, पण धीर येतो कुठून? तो काय बाजारात मिळतो?"

ओसरीवर कुणी बोलेना. बाईंनी हातातले पुस्तक मिटले.

"माई, तुझा प्रश्न खोटा नाही," बाई म्हणाल्या. "आज धडा राहू दे. मी तुला एका बाईची गोष्ट सांगते. ही काही कहाणी नाही, घडलेली गोष्ट आहे. पुण्याहून दौंडला रेल्वे जाते ना? त्या वाटेवर केडगाव नावाचं गाव लागतं. तिथं ही बाई राहत होती. तिचं नाव पंडिता रमाबाई. तिनं सोसलं तेवढं फार थोड्यांनी सोसलं असेल. तिला धीर कुठून आला, ते तूच ऐक आणि तूच सांग."

बाईंनी सांगितलेली गोष्ट अशी.

२. अकरा दिवस

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. वडिलांचे नाव अनंतशास्त्री डोंगरे. ते संस्कृतचे मोठे विद्वान होते. त्या काळी बायकांना शिकवणे म्हणजे पाप मानीत. पण शास्त्रीबुवांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवले. लोकांनी नावे ठेवली, तरी ते मागे हटले नाहीत. मग आईने लहानग्या रमेला शिकवले. पहाटे उठवून, मांडीवर बसवून शिकवले. पुढे रमेला हजारो श्लोक तोंडपाठ झाले.

हे कुटुंब तीर्थयात्रा करीत फिरे. देवळात पुराण सांगावे, लोक देतील त्यावर दिवस काढावे, असा त्यांचा नेम होता. आई, वडील, थोरली बहीण, भाऊ श्रीनिवास आणि रमा अशी पाच माणसे होती.

पुढे दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. १८७६ व १८७७ साली त्याने लाखो माणसे मारली. या कुटुंबाची हलाखी त्याच्याही आधी सुरू झाली होती. लोकांनाच खायला नाही, तर पुराण सांगणाऱ्याला कोण देणार? त्यांनी उपास केले. नवस केले. जवळ होते ते दानधर्मात घातले. दागिने गेले, चांगली लुगडी गेली, तांब्या-पितळेची भांडी गेली.

वडील म्हातारे झाले होते. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हते. घरात कुणाला पोथीशिवाय दुसरे काम येत नव्हते. मजुरी करायची तर लाज वाटे. भीक मागायची तरी लाज वाटे.

शेवटी ही माणसे रानात गेली. मरण यायचे तर चार लोकांत नको, असे त्यांना वाटले. अकरा दिवस आणि अकरा रात्री त्यांनी झाडपाला, पाणी आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. वडील म्हणाले, मी आता पाण्यात उतरून देह ठेवतो. तेव्हा श्रीनिवास पुढे झाला. तो म्हणाला, मी मजुरी करीन, पडेल ते काम करीन, पण तुम्ही असे करू नका. मग ती सगळी रानातून बाहेर पडली.

पण अंगात काही उरले नव्हते. थोड्याच दिवसांत वडील वारले.

मग आई आजारी पडली. ती भुकेने तळमळत होती. तिने रमेला सांगितले, शेजारच्या घरून भाकरीचा तुकडा मागून आण. रमा त्या दारात जाऊन उभी राहिली. पण तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. घरच्या बाईला न सांगता कळले. तिने भाकरी दिली. रमा धावत आली. पण आईला घास गिळवेना. आईही गेली.

मसणवट दूर होती. खांदा द्यायला चार माणसे मिळेनात. दोघे जण दया येऊन पुढे आले. तिसरा श्रीनिवास झाला. चौथी रमा झाली. ती बुटकी होती. खांदा पुरेना म्हणून तिने आईची तिरडी डोक्यावर पेलली.

काही काळाने थोरली बहीणही गेली.

इथे माई हळूच म्हणाली, "अगं बाई गं!" आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

३. वाळूतले खड्डे

आता दोघे उरले. बहीण आणि भाऊ. ती दोघे पायी उत्तरेकडे निघाली. शेकडो कोस चालली. पायांत वहाण नाही, अंगावर पुरते पांघरूण नाही. मूठभर धान्य मिळाले की पाण्यात भिजवावे, मीठ लावून खावे.

पंजाबात झेलम नावाची नदी आहे. तिच्या काठी ती दोघे थंडीच्या दिवसांत पोचली. रात्री थंडीने जीव जाईल असे वाटू लागले. तेव्हा त्यांनी नदीच्या वाळूत दोन खड्डे खणले. त्यात ती शिरली. अंगावर वाळू ओढून घेतली. फक्त डोकी बाहेर ठेवली. अशी रात्र काढली.

१८७८ साली ती दोघे कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या तरुण मुलीचे संस्कृत ऐकले. त्यांना नवल वाटले. त्यांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' असे किताब दिले. रमाबाईंचे नाव सगळीकडे झाले.

वाटले, आता सुख आले. पण १८८० साली श्रीनिवास वारला. पुढे त्याच साली रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी नावाच्या एका बंगाली वकिलाशी लग्न केले. दोघांच्या जाती वेगळ्या होत्या. नातलग तुटले. पण संसार सुखाचा होता. मुलगी झाली. तिचे नाव मनोरमा ठेवले.

लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. १८८२ साली पटकीच्या साथीत नवरा गेला.

वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. माहेर नाही. सासर नाही. कडेवर तान्ही पोर.

४. विहिरीवरची बाई

रमाबाई पुण्याला आल्या. विधवांचे हाल त्यांनी पाहिले. मुलींनी शिकावे म्हणून त्यांनी आर्य महिला समाज काढला. बायकांसाठी बाई डॉक्टर हव्यात, असे त्यांचे मत होते. म्हणून स्वतः डॉक्टरीण व्हायला त्या १८८३ साली विलायतेला गेल्या. पण तिथे त्यांना कानाने कमी ऐकू येऊ लागले. डॉक्टरीण होण्याचा बेत मोडला.

येशू ख्रिस्ताची गोष्ट त्यांनी आधी वाचली होती. बंगालीतले लूकचे शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचे एक लहान पुस्तक, नवऱ्याच्या घरी त्यांच्या हाती लागले होते. पण विलायतेत त्यांनी जे पाहिले त्याने त्यांचे मन हलले.

वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या बायांसाठी तिथे एक घर होते. ख्रिस्ती जोगिणी त्या बायांना सांभाळीत. त्यांना नावे ठेवीत नसत. त्यांना शिकवीत, त्यांचे दुखले-खुपले पाहत. रमाबाईंना नवल वाटले. त्यांनी एका जोगिणीला विचारले, तुम्ही हे का करता? तेव्हा त्या जोगिणीने त्यांना बायबलातली एक गोष्ट वाचून दाखवली.

ती गोष्ट अशी. भर दुपारची वेळ. येशू थकून एका विहिरीजवळ बसला. तिथे शोमरोनी जातीची एक बाई पाणी भरायला आली. येशू यहुदी होता. यहुदी लोक शोमरोनी लोकांशी व्यवहार ठेवीत नसत. त्यांच्या हातचे पाणी घेत नसत. शिवाय त्या बाईचे पाच नवरे झाले होते, आणि आता जो होता तो नवरा नव्हता. पण येशूने तिच्याकडे प्यायला पाणी मागितले. तो तिच्याशी माणसासारखा बोलला. तिचे सगळे त्याला ठाऊक होते, तरी त्याने तिला हाकलले नाही. देवाची भक्ती खऱ्या मनाने करावी, ती अमुक डोंगरावर किंवा अमुक देवळातच होते असे नाही, असे त्याने तिला सांगितले. ती बाई घागर तिथेच टाकून गावात धावत गेली आणि सगळ्यांना बोलावून आली.

रमाबाईंनी ही गोष्ट ऐकली. त्यांना वाटले, जो देव टाकलेल्या बाईशी असा बोलतो, तो माझा देव आहे. त्याच साली, १८८३ च्या सप्टेंबरात, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

"मग त्यांचं दुःख सरलं का?" भिंतीजवळच्या आजीने विचारले.

"नाही आजी," बाई म्हणाल्या. "रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. धर्म घेतला, पण मनाला खरी शांती मिळायला पुढं आणखी सात-आठ वर्षं लागली. श्रद्धा म्हणजे काही दिव्याचं बटण नाही. दाबलं की उजेड, असं होत नाही. बी पेरल्यावर वाट पाहावी लागते, तशी तिचीही वाट पाहावी लागते."

५. दोन्हीकडून बोल

रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे त्यांनी हिंदुस्थानातल्या विधवांचे हाल पुस्तक लिहून सांगितले. लोकांनी दहा वर्षे पैशाची मदत करण्याचे कबूल केले. मग त्या परत आल्या. १८८९ साली त्यांनी मुंबईला विधवांसाठी शाळा काढली. तिचे नाव शारदा सदन. पुढच्या साली ती पुण्याला आणली. डोके भादरलेल्या, घरात कोंडलेल्या मुली तिथे शिकू लागल्या. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला.

शाळेत कुणावर धर्माची सक्ती नव्हती. मुलींनी आपापली पूजा करावी. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत. पण त्या खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपणहून जाऊन बसू लागल्या.

पुण्यात गवगवा झाला. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. मुली बाटवतात, असे लोक म्हणू लागले. आईबापांना भीती वाटली. ती भीतीही समजण्यासारखी होती. १८९३ साली शाळेला सल्ला देणारी मोठी मंडळी बाजूला झाली. वीस-पंचवीस मुलींना घरच्यांनी काढून नेले.

आणि ख्रिस्ती मंडळींचे काय? त्यांतलेही काही जण रागावले. कारण रमाबाई कुणाचेही मुकाट्याने ऐकणाऱ्या नव्हत्या. विलायतेतल्या धर्मगुरूंनाही त्या उलट प्रश्न विचारीत. त्या मऱ्हाटी लुगडे नेसत. मांस खात नसत. ख्रिस्ती झाले म्हणून आपली भाषा आणि आपले राहणे सोडायचे नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

दोन्हीकडून बोल बसले. पण शाळा बंद पडली नाही. ज्या मुली उरल्या त्यांना घेऊन रमाबाई पुढे चालल्या.

६. दुसरा दुष्काळ

१८९६ साली पुन्हा मोठा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर-जबलपूरच्या बाजूला, माणसे रस्त्याच्या कडेला मरून पडू लागली.

रमाबाईंच्या कानावर बातमी आली. त्यांच्याजवळ पैसे फार नव्हते. शारदा सदन कसेबसे चालत होते. एवढ्यात आपण काय करणार, असे त्यांच्याही मनात आले. पण त्यांना रान आठवले. तो झाडपाला आठवला. ती भाकरी आणि आईचे मिटलेले तोंड आठवले. आपल्याला देवाने वाचवले ते कशासाठी, असे त्यांना वाटले. मग त्या घरी बसू शकल्या नाहीत.

त्या मध्य प्रांतात गेल्या. गरिबांसाठी सरकारने उघडलेल्या छावण्या त्यांनी पाहिल्या. तिथे अनाथ पोरी होत्या. त्यांच्यावर लबाड माणसांचा डोळा होता. रमाबाईंनी त्यांना जवळ केले. अशा सुमारे ३०० मुली आणि बाया त्यांनी आणल्या.

ठेवायच्या कुठे? पुण्यात १८९७ साली प्लेग आला होता. सरकारने शहरात नवी माणसे आणायला मनाई केली. तेव्हा केडगाव उपयोगी पडले. रमाबाईंनी आधीच तिथे शेतजमीन घेतली होती. अमेरिकेची मदत दहा वर्षांनी संपणार होती. फळबाग लावावी, तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा त्यांचा हिशेब होता. त्या माळावर तंबू ठोकले. गवताची छपरे घातली. मुली तिथे राहू लागल्या. त्या जागेला नाव दिले मुक्ती. मुक्ती म्हणजे सुटका.

हे काम गोड नव्हते. पोरी हाडांचे सापळे झाल्या होत्या. अंगावर फोड होते, डोक्यात उवा होत्या. भुकेच्या भीतीने त्या भाकरी चोरून लपवीत. एकमेकींना मारीत. काही पोरी इथे आल्यावरही वाचल्या नाहीत. रमाबाईंनी किती जणींना आपल्या हाताने पुसले, धुतले, भरवले असेल!

मग १८९९-१९०० साली आणखी मोठा दुष्काळ आला. त्याला लोक छपन्नचा दुष्काळ म्हणतात, कारण विक्रम संवत १९५६ होते. गुजरात आणि राजपुतान्यात हाहाकार झाला. पुन्हा मुक्तीहून बाया गेल्या, पुन्हा पोरींना घेऊन आल्या. केडगावची वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

७. हाताला काम

रमाबाई रोज पहाटे उठून प्रार्थना करीत. आजचे धान्य, आजचे पैसे, आजारी पोरगी, सगळे त्या देवापुढे ठेवीत. मग उठून कामाला लागत. देव करील म्हणून त्या बसून राहिल्या नाहीत.

रानातल्या अकरा दिवसांनी त्यांना एक गोष्ट शिकवली होती. पोथी येते पण हाताला काम येत नाही, त्याचे दुष्काळात हाल होतात. म्हणून मुक्तीत प्रत्येकीला अक्षर शिकवले आणि कामही शिकवले. शेती, बागकाम, दूधदुभते, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, भांड्यांना कल्हई. छापखानाही होता. त्यात मुली खिळे जुळवीत, पाने छापीत, पुस्तके बांधीत. ज्या पोरीला कुणी विचारीत नव्हते ती आता शहाण्यासारखी कमावती झाली.

फसलेल्या आणि टाकलेल्या बायांसाठी कृपा सदन निघाले. विलायतेत पाहिलेले घर रमाबाई विसरल्या नव्हत्या. आंधळ्या बायांसाठीही वेगळी सोय केली. मनोरमेने बोटांनी वाचायची लिपी शिकून घेतली आणि त्यांना शिकवली. ज्यांना दिसत नव्हते त्या वाचू लागल्या.

आणखी एक काम रमाबाईंनी हाती घेतले. मराठीत बायबल होते. पण त्यात जड संस्कृत शब्द फार. मुक्तीतल्या नुकत्या शिकलेल्या बायांना ते कळेना. रमाबाई स्वतः संस्कृतच्या पंडिता. त्यांना जड भाषा सोपी होती. पण या बायांचे काय? बायबल मुळात हिब्रू आणि ग्रीक भाषांत आहे. उतारवयात रमाबाई त्या दोन्ही भाषा शिकल्या. मग सगळे बायबल त्यांनी साध्या मराठीत उतरवले. सुमारे अठरा वर्षे हे काम चालले. छपाईही मुक्तीतल्या बायांनीच केली.

बाई थांबल्या. म्हणाल्या, "पाहा, केवढी मोठी पंडिता! तिनं आपली अठरा वर्षं कुणासाठी वेचली? तुमच्या-आमच्यासारख्या, एकेक अक्षर जोडून वाचणाऱ्या बायांसाठी."

८. शेवटचे दुःख

मनोरमा मोठी झाली. ती फार हुशार होती. विलायत-अमेरिकेला शिकली. आईच्या हाताशी राहून शाळा चालवू लागली. गुलबर्ग्याला तिने मुलींची शाळा काढली. आपल्यामागे मनोरमा हे सगळे सांभाळील, असे रमाबाईंना वाटत होते.

पण १९२१ साली जुलै महिन्यात मनोरमा मिरजेच्या इस्पितळात वारली. तिचे वय चाळीस वर्षांचे होते.

रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. कानाने ऐकू येत नव्हते. शरीर थकले होते. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती एक लेक. सगळी गेली.

बायबलाचे काम थोडे उरले होते. रमाबाई पुन्हा कागद घेऊन बसल्या. तपासायची शेवटची पाने त्यांनी तपासून पुरी केली. आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले.

केडगावची संस्था आजही आहे. तिथे आजही निराधार बाया आणि मुली राहतात.

९. माईचे उत्तर

गोष्ट संपली. बाईंनी विचारले, "आता सांग माई. रमाबाईंच्या प्रार्थनेनं दुष्काळ टळला का?"

"न्हाई," माई म्हणाली.

"मेलेली माणसं परत आली का?"

"न्हाई."

"मग प्रार्थनेनं त्यांना काय दिलं?"

माई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, मला वाटतं, त्यांना कुणीतरी ऐकणारं मिळालं. त्या विहिरीवरच्या बाईला मिळालं तसं."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "आपलं सगळं ज्याला ठाऊक आहे, आणि तरी जो आपल्याला टाकत नाही, असा कुणीतरी आहे, हे त्यांच्या मनानं धरलं. मग त्या एकट्या राहिल्या नाहीत. आणखी काय?"

एक तरुण सून म्हणाली, "त्यांनी आपलं दुःख पेटीत कुलूप लावून ठेवलं न्हाई. ज्या पोरीला भूक लागली तिची भूक त्यांना कळली. आपण उपाशी राहिलो होतो म्हणूनच कळली."

"हेही बरोबर. ख्रिस्ती माणसं येशूचा क्रूस पुढं ठेवतात. त्याचा अर्थ काय? देव वर बसून आपलं दुःख नुसतं बघत नाही, तो आपल्याबरोबर सोसतो. रमाबाईंनी तो अर्थ हातांनी लिहिला. जो आपल्याबरोबर सोसतो त्याच्यासाठी आपणही दुसऱ्याबरोबर सोसायचं."

भिंतीजवळची आजी म्हणाली, "माझी सासू माळकरी. घरात दोन मरणं झाली तरी ती तुकोबाचे अभंग म्हणत जात्यावर बसायची. दळण थांबलं न्हाई. तिचा देव विठोबा, यांचा येशू. पण बाई, दळण दोघींचं चालू राहिलं, न्हाई का?"

सगळ्यांना हसू आले. माईही जरा हसली.

मग माई म्हणाली, "पण बाई, रडू येतं त्याचं काय करू?"

"रडावं," बाई म्हणाल्या. "येशूही आपला मित्र मेला तेव्हा रडला, असं बायबलात आहे. रडणं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं नाही. देवाला गाऱ्हाणं सांगावं. रागही सांगावा. फक्त एकटीनं कोंडून बसू नये. आणि एक काम हातात घ्यावं, लहान का असेना."

"मी काय काम घेऊ?"

बाईंनी पिशवीतून एक कागद काढला. "हा संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज. विधवा आणि निराधार बायांना सरकार दर महिन्याला पैसे देतं. तू या योजनेत बसतेस का, ते तलाठी आणि तहसील कचेरीत विचारायचं. अर्ज तू स्वतः वाचायचा. नाव तू स्वतः लिहायचं. अडेल तिथं आम्ही आहोत. सोसायटीच्या कर्जाचंही विचारायचं. दुष्काळात हप्ते पुढं ढकलून मिळतात का, ते सचिवांना विचारू."

तरुण सून म्हणाली, "कचेरीत मी येते संगं. लेकरं आजीकडं ठेवू."

"ठेवा की," आजी म्हणाली.

माईने कागद हातात घेतला. दिव्याजवळ सरकली. बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागली. "अ... र्ज... दा... रा... चे... ना... व."

मग तिने पेन्सिल मागितली.

लक्षात ठेवा

१. श्रद्धेने संकट टळतेच असे नाही. पण संकटात आपण एकटे नाही, हा आधार ती देते.

२. श्रद्धा एका दिवसात येत नाही. मनात शंका आली म्हणून घाबरू नये.

३. रडणे आणि गाऱ्हाणे सांगणे हा दुबळेपणा नाही. कोंडून बसू नये.

४. प्रार्थना करावी आणि उठून कामाला लागावे. रमाबाईंनी दोन्ही केले.

५. आपण सोसलेले दुःख दुसऱ्याचे दुःख ओळखायला शिकवते.

कठीण शब्द

हलाखी – वाईट दशा, गरिबी
पटकी – कॉलरा, हगवण-उलटीची साथ
बाप्तिस्मा – ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी
जोगीण – देवाच्या कामाला वाहिलेली बाई
खिळे – छपाईची शिशाची अक्षरे
निराधार – ज्याला कुणाचा आधार नाही असा

विचार करा आणि सांगा

१. रमाबाईंनी आईची तिरडी डोक्यावर का घेतली?

२. विहिरीवरच्या बाईशी येशू कसा वागला? रमाबाईंना ती गोष्ट का भावली?

३. मुक्तीत प्रत्येक मुलीला काम का शिकवीत?

४. रमाबाईंनी बायबल साध्या मराठीत का उतरवले?

५. तुमच्या गावात कुणावर संकट आले आहे काय? त्या घरी जाऊन तुम्ही कोणते एक काम करू शकाल? ते एका ओळीत लिहा.